दाराच्या आतली सही

१

त्या दिवशी सकाळपासून मळभ होतं. पाऊस येईल असं वाटत नव्हतं आणि ऊनही पडत नव्हतं. वरोरच्या किनाऱ्यावर वारा असा काही पडला होता, की दोऱ्यांवर टांगलेले बोंबील जिथल्या तिथे लोंबत होते, हलतसुद्धा नव्हते. अशा हवेत मासळी वाळत नाही, घामेजते. बायका दोऱ्यांखालून फिरत आभाळाकडे बघून पुटपुटत होत्या. समुद्र ओहोटीला लांब गेला होता, चिखल उघडा पडला होता, आणि त्या सगळ्यावर एक राखाडी उजेड होता, ज्यात कशाचीच सावली पडत नव्हती.

म्हातारा चिमण आपल्या घरात रोजच्यासारखा फोटो पुसत होता. चहा झाला, वहिनीला बशीतून पाजून झाला, की फोटो पुसायचा हा त्याचा नेम. फोटो भावाचा, रामाचा. लग्नानंतर डहाणूच्या स्टुडिओत काढलेला. खुर्चीवर कोवळी तुळशी बसलेली, मागे रामा उभा, त्याचा उजवा हात तिच्या खांद्यावर. दिव्याच्या लखलखाटानं तुळशीचा डावा डोळा नेमका मिटला होता. रामा त्यावरून तिला चिडवायचा, जगात नवऱ्याला डोळा मारतानाचा फोटो असलेली तू एकटीच.

पुढे एका पावसाळ्याच्या तोंडावर रामाची होडी गेली ती आलीच नाही. फळी मिळाली नाही, माणूस मिळाला नाही. तुळशीनं कुंकू पुसू दिलं नाही की फोटोला हार घालू दिला नाही. हार नाही म्हणून मग रोज पुसायचा. चिमणची बायकोही जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता घरात ही दोनच म्हातारी माणसं, एकमेकांना भावजी आणि वहिनी म्हणणारी.

त्या सकाळी फडकं फिरवताना फोटोच्या तळाशी, रामाच्या पायांजवळ, चिमणला काहीतरी काळं दिसलं. माशीचं असेल म्हणून त्यानं थुंकी लावून घासलं. गेलं नाही. नखानं खरवडलं, तर नख काचेवर नुसतं घसरलं.

ते काचेच्या आत होतं.

२

चिमणला वाचता येत नव्हतं. आयुष्यभर जिथे लागेल तिथे त्यानं अंगठाच उठवला. पण हे एक नाव तो ओळखत होता, कारण ते त्यानं अक्षर म्हणून नाही, चित्र म्हणून पाठ केलं होतं.

तरणा असताना रामा गावातल्या रात्रीच्या शाळेत चार दिवस गेला आणि आपलं नाव तेवढं शिकून आला. होडीला डांबर मारून झाल्यावर उरलेल्या डांबरात काथ्याचा कुंचा बुडवून त्यानं ते घराच्या दारावर लिहिलं, आतल्या बाजूला. आई ओरडली तेव्हा म्हणाला, बाहेरच्यांना माझं नाव ठाऊकच आहे, हे घरातल्यांसाठी.

लिहायची त्याची तऱ्हा उलटी होती. मास्तर आधी अक्षरं काढून मग वरची रेघ ओढायला सांगायचे. रामा आधी रेघ ओढायचा आणि मग तिला अक्षरं लटकवायचा. म्हणायचा, दोरी ताणल्याशिवाय कुणी बोंबील टांगतो का? मास्तर हसले, पण ही खोड त्याची कधी सुटली नाही. दारावर शेवटच्या अक्षराच्या उभ्या काठीखालून डांबराचा एक ओघळ सुटला होता. लाकडात एक गाठ होती, तिला अडखळून तो डावीकडे वळला आणि तिथेच वाळला. चिमणला ते नाव ओघळासकटच पाठ होतं.

काचेच्या आत तेच होतं. वरच्या रेघेची दोरी, तिला टांगलेला गळ, काठ्या, झोळी, शेवटी तो ओघळ.

त्यानं मनाशी हिशेब लावून पाहिला. डोळ्यातला मोतीबिंदू आत्ताच काढलाय. सही आधीपासूनच असेल, आपल्याला दिसत नसेल. रामानंच तेव्हा स्टुडिओत केली असेल, शिकल्याची हौस. हे पटण्यासारखं होतं. तो पुसत राहिला, आणि पटवत राहिला. पण त्याच फोटोत तुळशीच्या पायातली जोडवी त्याला गेली कित्येक वर्षं दिसत होती, ती मोतीबिंदूनं कधी झाकली नव्हती.

मागून खाटेवरून वहिनीचा बारीक आवाज आला.

"दिसली वाटतं तुम्हाला."

३

तुळशी पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. आधार दिल्याशिवाय तिला कुशीवरसुद्धा वळता येत नव्हतं. पण डोकं जागेवर होतं, आणि जीभही. चहात साखर कमी पडली की अजून भावजींचा उद्धार व्हायचा.

त्या दिवशी मात्र ती हळू बोलत होती, कुणी ऐकू नये अशा बेतानं. भावजी दुपारी मासळीकडे गेले की घरात कुणीतरी येतं, असं तिनं सांगितलं. येताना दिसत नाही. दार लागल्याचा आवाज होतो, कडी बसते, आणि मग कुणीतरी दाराकडे तोंड करून बसलेलं असतं, तिच्याकडे पाठ करून. ओल्या अंगाचं. बोट दारावर फिरत असतं, त्या नावावरून, पुन्हा पुन्हा, मूल पाटीवर गिरवतं तसं. बरेच दिवस नुसतं गिरवत होतं. काल गिरवणं थांबलं आणि पहिल्यांदा बोललं. फोटोवर सही केलीय, चल, म्हणालं.

चिमणनं विचारलं, दादा होता का?

"तेच तर तुम्हाला विचारते," ती म्हणाली. "आवाज त्याचाच आहे. पण तो लग्नातला आवाज आहे, भावजी. जसाच्या तसा. मी म्हातारी झाले, तो नाही झाला."

चिमणच्या काळजात एक गोष्ट रुतली. इतक्या वर्षांत वहिनीनं नवऱ्याला कधी 'तो' म्हटलं नव्हतं.

मग तिनं त्याचा हात धरला. बोटांत जोर नव्हता, पण सोडवत नव्हता.

"त्याचा हात ओळखणारे तुम्ही एकटेच उरलात. ती सही खरी असली तर मी जायला तयार आहे. त्यासाठीच जन्मभर कुंकू लावलं. पण खोटी असली, तर हे दुसरंच काहीतरी आहे. मग मला धरून ठेवा. मला त्याच्याबरोबर जाऊ देऊ नका." थोडा दम घेऊन ती म्हणाली, "तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी उठायची नाही. तो कितीही चल म्हणाला तरी."

४

चिमण गडबड करणारा माणूस नव्हता. जाळ्यात गाठ पडली तर इतर लोक सुरी काढत, तो बसून सोडवी. त्यानं आधी घर पाहिलं. दुपारी मासळीकडे न जाता माजघरात बसून राहिला. कुणी आलं नाही. फक्त दारामागची भिंत एकदोनदा टकटकली, लाकूड तापल्यावर टकटकतं तशी. पण ऊन नव्हतं.

दिवसा दार सताड उघडं असे, आणि उघडं असलं की त्याची आतली बाजू भिंतीला टेकलेली. म्हणजे ते नाव दिसायचं तर दार आतून लावून घरातच बसायला हवं. चिमणनं दार ओढून घेतलं. अंधारात कोळशाचा तुकडा आणि पतंगाचा पातळ कागद घेऊन तो दारापाशी बसला. कागद नावावर धरून वरून कोळसा घासला. वर आलेलं डांबर कागदावर उठलं, ओघळासकट. उद्या फोटो आणि हा कागद दोन्ही डहाणूला न्यायचे, जाणत्या माणसाला दाखवायचे, असं त्यानं ठरवलं.

वहिनीचा डोळा लागला होता. कोळशानं काळे झालेले हात घेऊन तो तसाच बसून राहिला. त्याला वाटलं, कशाला डहाणू? म्हातारीला हवं ते द्यावं की. खरी आहे म्हणून सांगावं, तिनं सुखानं डोळे मिटावेत. जन्मभर वाट पाहिली बिचारीनं. पण आपल्याला खोटं बोलता येईल का, हेच त्याला कळेना. म्हणून जीभ वळते का ते पाहावं तसं, दाराकडे तोंड करून, तो हलकेच म्हणाला,

"वहिनी, सही..."

कोळशाची भुकटी घशात गेली. तो खोकला. मग डोळे पुसून त्यानं उरलेलं म्हटलं,

"...खरी आहे."

कसंसंच वाटलं त्याला. नाही जमायचं आपल्याला, असं म्हणून तो उठला. उठताना त्याच्या ध्यानात आलं की भिंतीची टकटक थांबली आहे. घर अगदी चिडीचूप झालं होतं. शिकवलेलं ध्यानात ठेवताना मूल गप्प होतं, तसं.

५

दुसऱ्या दिवशीही मळभच होतं. शेजारच्या सुनिताला त्यानं सांगितलं की मी येईपर्यंत घरात बसून राहा, वहिनीला एकटं टाकू नकोस. सुनिता बरं म्हणाली. तिचा ओटा याच्या खिडकीला लागूनच होता.

वाणगावला जाणाऱ्या रिक्षात फोटोची पिशवी छातीशी धरून तो बसला. वर्षानुवर्षं उजव्या खांद्यावर मासळीच्या टोपल्या वाहून त्याची मान कायमची डावीकडे कलली होती. रिक्षावाला रघ्या रोजच्यासारखं म्हणाला, काका, मधे बसा, नाहीतर तुमच्या मानेनं माझी रिक्षा कलंडायची. रिक्षातली माणसं हसली. चिमणही हसला, पण पिशवीवरची पकड त्यानं सैल केली नाही. वाणगावहून गाडीनं तो डहाणूला उतरला.

स्टेशनजवळ नितीनचं फ्रेमांचं दुकान होतं. पुढे काचा आणि आरसे, मागच्या खोलीत जुने कॅमेरे आणि जुने फोटो. मुंबई-सुरतेकडचे हौशी लोक त्याच्याकडून जुन्या नटांच्या, खेळाडूंच्या सह्या असलेले फोटो नेत. त्यात फसवाफसवी फार, त्यामुळे खरीखोटी सही पाहायची त्याला सवय झाली होती. चिमणनं भूतखेत काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, भावाचा फोटो आहे, आमच्या दारावर त्यानं लिहिलेलं नाव या कागदावर उतरवून आणलंय, सही त्याची आहे का बघ, एका माणसाचा जीव त्यात अडकलाय.

"बेसो काका," म्हणत स्टूल पुढे सरकवून नितीननं फ्रेम उलटी केली. मागचा कागद जुना, जिथल्या तिथे चिकटलेला. खिळे गंजून लाकडात मुरलेले. ही फ्रेम बसवल्यापासून कुणी उघडलेली नाही, असं तो म्हणाला. मग त्यानं ती सांभाळून उघडली, काच काढली. दुकानात डांबराचा वास सुटला. नितीननं सहीला बोट लावलं आणि बोट डोळ्यांजवळ नेलं. बोटाला काळं लागलं होतं.

त्यानं बोट फडक्याला पुसलं, पुन्हा पुसलं. मग पतंगाचा कागद मागून घेतला, त्यावरचं नाव मशीनवर सहीएवढं लहान करून पातळ कागदावर छापलं, तो सहीवर ठेवला आणि खालून दिवा लावला.

कागदावरचं नाव फोटोवरच्या नावावर असं बसलं, की दोन नावं आहेत हेच दिसेना.

चिमणला भडभडून आलं. म्हणजे त्याचीच, असं तो म्हणाला. नितीननं नाही म्हणून मान हलवली. त्यानं समजावून सांगितलं की काका, हीच तर खोट्याची खूण. खरा माणूस सही करतो तेव्हा दर वेळी थोडी वेगळी होते. हात कधी थकलेला असतो, कधी घाईत. दोन सह्या तंतोतंत जुळल्या की त्यातली एक गिरवलेली.

"आणि हा ओघळ बघा," भिंगातून पाहत तो म्हणाला. "हा ओघळलेला नाही. काढलाय. दारावर गाठ असेल म्हणून वळला. इथे कुठे गाठ आहे? ज्यानं काढलं त्याला ओघळ कुठला आणि अक्षर कुठलं हे कळलेलंच नाही. जे दिसलं ते सगळं उतरवलंय."

तरी चिमणला एक आशा सोडवत नव्हती. त्यानं विचारलं, वरची दोरी आधी आहे की शेवटी? नितीनला कळलं नाही. चिमणनं बोटानं दाखवलं, ही वरची रेघ. आधी ओढलीय, की अक्षरं काढून झाल्यावर?

नितीन भिंग घेऊन पुन्हा वाकला. बराच वेळ तो वाकलेलाच होता.

"शेवटी," तो म्हणाला. "अक्षरांच्या वरून गेलीय. शाळेत शिकवतात तशी."

ज्यानं वाळलेलं नाव पाहून गिरवलं, त्याला आधी काय आणि मागून काय हे कुठून कळणार? ते जाणणारी माणसं तिथे तेव्हा उभी होती. त्यांतला आता एकटा चिमणच उरला होता, आणि तो इथे दुकानात होता.

नितीननं फोटो उलटा करून फ्रेमेत ठेवला. काका, हा इथे ठेवू नका, एवढंच म्हणाला, आणि पैसे विचारले तर दोन्ही हात मागे घेतले.

६

परत येताना गाडीला उशीर झाला. वाणगावला रिक्षा भरायची वाट पाहत रघ्या तंबाखू मळत होता. चिमणनं आयुष्यात कुणाला घाई केली नव्हती. तो रघ्याच्या पाया पडायला गेला. रघ्या ओशाळला, हातातली तंबाखू टाकली आणि एकट्या चिमणला घेऊन निघाला. वाटेत मानेवरून तो काही बोलला नाही.

सगळ्या वाटेनं चिमण एकच वाक्य घोकत होता. वहिनी, खोटी आहे, उठू नका. वहिनी, खोटी आहे. मनातल्या मनात. मोठ्यानं म्हणायची त्याला भीती वाटत होती, आणि ती कशाची हे त्याला सांगता आलं नसतं.

समुद्र भरतीला आला होता. पाणी थेट बोंबलांच्या दोऱ्यांखाली चढलं होतं. बायका माल उचलायला धावत होत्या. चिमण वळणावर उतरून गल्लीत शिरला, तेव्हा त्याला आपल्या घराची खिडकी दिसली. आत कुणीतरी उभं होतं, पाठमोरं. कुणी म्हातारा असावा. गंजीफ्रॉक घातलेला, मान डावीकडे कललेली. चिमणला वाटलं, वहिनीचं जास्त झालं म्हणून वाडीतलं कुणी आलंय. बरं वाटलं त्याला क्षणभर. ओळखीचा वाटत होता माणूस, पण कोण ते लक्षात येईना. आपली पाठ आपण कधी पाहिलेली नसते.

तो माणूस खाटेच्या दिशेनं वाकला आणि खिडकीतून दिसेनासा झाला.

चिमण दारापाशी आला. दार आतून लावलेलं होतं.

त्यानं हाका मारल्या. वहिनी, मी आलोय, मी चिमण, खोटी आहे ती सही, ऐकलंत का, खोटी आहे, उठू नका. दारावर थापा मारल्या. आतून कुणी उत्तर दिलं नाही. फक्त लाकडाच्या त्या बाजूनं, त्याच्या थापा पडत होत्या तिथेच, बरोब्बर तेवढ्याच थापा पडल्या. मग तेही थांबलं.

७

लोक जमले. रघ्यानं आणि आणखी दोघांनी खांदा लावून कडी उचकटली.

खाट रिकामी होती. तुळशी खुर्चीवर बसली होती. जिला कुशीवर वळता येत नव्हतं ती ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर, पाय जुळवून. अंगावर पेटीतलं लग्नातलं लुगडं. कपाळावर ताजं कुंकू. उजवा डोळा उघडा होता, समोर पाहत होता. डावा मिटलेला.

चिमणनं जवळ जाऊन हात धरला. हात गार होता. तिच्या खांद्यावर, मागून कुणी उभं राहून हात ठेवावा तिथे, चोळीवर पंजाएवढी जागा ओली होती.

पिशवी अजून त्याच्या काखेत होती. ती त्यानं उघडली नाही. फोटोत आता काय आहे ते पाहायचं नाही, एवढं त्यानं ठरवून टाकलं. बायका रडायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, भाग्याची, सवाष्ण गेली. कुणीतरी म्हणालं, शेवटी अंगात बळ येतं माणसाच्या. 

सुनिता दारात उभी होती, मासळीच्या पाण्यानं हात ओले, तोंड उतरलेलं. चिमणनं तिच्याकडे पाहिलं. रागवायची त्याला सवय नव्हती, तेव्हा हळूच विचारलं, पोरी, एकटं टाकू नकोस म्हटलं होतं ना गं तुला?

सुनिता त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली.

"एकटं कुठे टाकलं, काका? तुम्ही आलात म्हणून तर मी परत आत गेले नाही. मी ओट्यावर मासळीचं पाणी टाकायला आले आणि तुम्ही मागून दार लावून घेतलंत. म्हटलं, घरातलं काही बोलायचं असेल. खिडकीपाशीच होते की मी. तुम्ही म्हणालात, 'वहिनी, सही...' मग खोकलात. मग म्हणालात, 'खरी आहे.'"